गाडीखालची भाषा

मिस्त्रींच्या हाताखाली जो कुणी शिकला, तो आधी शिव्या खायला शिकला आणि मग पाना धरायला. गावाबाहेरच्या वळणावर त्यांची पत्र्याची शेड. समोर तेल पिऊन काळी झालेली जमीन, मागे राहतं घर, आणि दोन्हींच्या मधे एक दार, जे दिवसभर उघडंच असायचं. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, मळणीयंत्रं, कधी एखादा थकलेला टेंपो, सगळे इथेच येऊन पडायचे. इथून शिकून गेलेली पोरं आता ठिकठिकाणी स्वतःची दुकानं थाटून बसली होती, आणि भेटली की कौतुकाने शिव्यांचीच आठवण काढायची. त्यातला एक चिमटा. अंगाने किडकिडीत म्हणून चिमटा. तो म्हणायचा, "उस्ताद, तुमचा तो अठरा-एकोणीसचा पाना माझी पाठ अजून विसरली नाही." मिस्त्री हसायचे. "पाठ विसरली नाही म्हणून हात विसरला नाही, गाढवा."

हे 'गाढवा' म्हणजे तिथलं बक्षीस होतं बरं का. काम बिघडलं की शिव्या वेगळ्या असत, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. काम जमलं की मिस्त्री चाक एकदा फिरवून बघत, मान हलवत आणि म्हणत, "जमलं की गाढवा!" मग ते पोर दिवसभर शीळ घालत फिरे.

शिव्या-कौतुक एकीकडे. शेडचा खरा कायदा तीन शब्दांचा होता. चढव, थांब, सोड. एक जण गाडीखाली आणि एक जण जॅकवर असं काम असलं की खालच्याने या तीन शब्दांपलीकडे तोंड उघडायचं नाही. आणि जॅकवरच्याने ऐकलेला शब्द मोठ्याने परत म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. 'सोड' ऐकलं की आधी 'सोडतो' म्हणायचं, मगच जॅकची चावी ढिली करायची. खाली काल आलेलं पोर आणि वर खुद्द मिस्त्री असले, तरी पोराने त्यांना 'थांब' असंच ओरडायचं. चिमटा नवा असताना एकदा खालून म्हणाला होता, "उस्ताद, थांबता का जरा?" मिस्त्रींनी त्याला पाय धरून बाहेर ओढला.

"थांबता का? मी काय फिरायला निघालोय? गाडीखाली मान नाही, पान नाही! आणि 'नको' तर कधीच म्हणायचं नाही. 'सोडू नको' म्हणशील, तर 'नको' माझ्या कानात येईपर्यंत 'सोडू' येऊन बसलेलं असतं. थांब म्हणायचं. काय?"

"थांब," चिमटा म्हणाला.

"मोठ्याने!"

"थांब!"

असा तो कायदा. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये कुणाचं नखही गेलं नव्हतं.

त्या साली मात्र पाऊस रुसला, तेलबियांचं पीक हातचं गेलं आणि शेजारच्या गावची तेलगिरणी बंद पडली. मिस्त्रींचा जावई त्या गिरणीत कामाला होता. महिनाभर कळ काढून एका दुपारी तो आणि मिस्त्रींची लेक दोन ट्रंका घेऊन शेडसमोर उतरली. "चार दिवस राहायला आलोय," लेक म्हणाली. चार दिवसांचं काय होणार हे चौघांनाही कळत होतं.

मिस्त्रींना एकच लेक. लहानपणी ती शेडमध्येच वाढली. दहा वर्षांची असताना जॅकपाशी बसून खालच्याचा 'थांब!' असा काही ओरडायची की रस्त्यावरच्या गाड्याही थांबाव्यात. आतल्या खोलीत बसून, बाहेर कुठला पाना पडला ते आवाजावरून सांगायची. पण वयात आल्यावर मिस्त्रींनीच तिला आत पाठवली. "पोरीच्या जातीचं काम नाही," म्हणाले. आता जावई आला, तर त्यांना वाटलं, शेडला वारस मिळाला.

"शिकवा त्यांना," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "आपल्यामागे हे कुणाचं आहे? पण एक सांगून ठेवते. तुमचं ते अरे-तुरे नि शिव्या चालायच्या नाहीत. जावई आहेत. लोक आधीच घरजावई म्हणून टोमणे मारतायत."

"मी शिव्या कुठे देतो?" मिस्त्री म्हणाले.

झालं, शिकवणी सुरू झाली. आणि ती बघायला लोक मुद्दाम थांबायला लागले.

"जावईबापू, तो पाना जरा देता का? हां, तो नव्हे, त्याच्या शेजारचा. नाही, पलीकडचा... असू द्या, असू द्या, हाही चालेल." आणि तो चालायचा नाही. मग मिस्त्री चूपचाप उठायचे, हवा तो पाना स्वतः घ्यायचे आणि परत येऊन बसायचे. गिऱ्हाईक तोंडाला रुमाल लावायचं. त्यातला मळणीवाला सगळ्यांत वाह्यात. तो म्हणायचा, "मिस्त्री, तुम्ही त्यांना शिकवताय की ते तुम्हाला?"

जावई मात्र मन लावून शिकत होता. गिरणीत पोती उचलून त्याचे हात दणकट झाले होते, पण नटाच्या कडा ओळखणारी बोटं वेगळी असतात आणि ती त्याला हळूहळू फुटत होती. संध्याकाळी तो रॉकेल नि लाकडाचा भुसा चोळून हात धुवायचा आणि नखांतली काळी रेघ मुद्दाम तशीच ठेवायचा. लेक त्याचा पंजा हातात घेऊन हसायची. "आता कुठे माझ्या माहेरचे दिसताय."

एकदा त्याने ट्रॉलीचं चाक एकट्याने उतरवलं, बेअरिंग धुतलं, ग्रीस भरलं, बसवलं. मिस्त्रींनी चाक फिरवलं. चाक निमूट फिरत राहिलं, ना खडखड ना डुगडुग. जावई हात पुसायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत होता, कारण चिमट्याने त्याला बक्षिसाचं सांगून ठेवलं होतं. मिस्त्रींच्या जिभेवर तो शब्द आलाही होता. तेवढ्यात दारात मिस्त्रीणबाई दिसल्या.

"छान केलंत हं," मिस्त्री म्हणाले.

जावयाने मान खाली घालून हात पुसले.

गाडीखालचा कायदाही मिस्त्रींनी त्याला सांगितला होता. पण सांगितला तो असा, "म्हणजे बघा, खालून बोलताना थोडक्यात बोललं तर बरं असतं." चिमट्याने तो नीट समजावलाही होता. जावयाने मान डोलावली आणि गाडीखाली गेल्यावर म्हणाला, "मामा, सोडा." सासऱ्याच्या घरात राहायचं, त्यांचं खायचं आणि वर त्यांनाच 'सोड' म्हणायचं? त्याची जीभ वळली नाही. त्याला पाय धरून बाहेर ओढावं, असं मिस्त्रींच्या मनात आलं. पण जावयाचा पाय! सोडा काय नि सोड काय, शब्द तर तोच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आणि मोठ्याने 'सोडतो' ओरडायच्या ऐवजी ते 'बरं' म्हणू लागले. जावयावर ओरडायचं कसं?

सुगी आली. ज्यांचं चार दाणे पिकलं होतं त्यांना ते घरात न्यायची घाई होती. उन्हाने पत्रा असा तापला होता की शेडमध्ये उभं राहिलं तर डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटे. मळणीवाल्याची ट्रॉली एका अंगाला कलून आली. ओझं पेलणाऱ्या पाट्याची पिन तुटली होती. ट्रॉली जॅकवर चढवायची, पाटा जागेवर धरायचा, ट्रॉली हळूहळू खाली आणत भोकाला भोक जुळवायचं आणि नवी पिन ठोकायची, एवढंच काम. जावई खाली सरकला, मिस्त्री जॅकवर बसले. बाजूला मळणीवाल्याचा ट्रॅक्टर धडधडत होता. बॅटरी उतरली होती, बंद केला तर परत सुरू व्हायचा नाही म्हणून त्याने तो चालूच ठेवला होता.

"मामा, सोडा थोडं."

"बरं."

"अजून."

"काय म्हणालात?"

"अजून थोडं, मामा."

इंजिनांच्या गोंगाटात उभा जन्म गेलेला. गेल्या वर्षापासून मिस्त्रींचा डावा कान दगा देत होता आणि हे त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं.

"थांबा."

"काय?"

"थांबा म्हणतो, मामा."

मळणीवाला खो खो हसला. "मिस्त्री, कान साफ करा! आता जावयाचंच ऐकायचे दिवस आलेत!"

मिस्त्रींचे कान तापले. खाली जावई भोक जुळलं का ते बघत होता. त्यासाठी सळई घालायची असते, बोट नाही. सळई मिस्त्रींच्या पायापाशी पडली होती. दुसऱ्या कुणाला तो 'सळई दे' म्हणाला असता. सासऱ्याला काय सांगायचं, वाका आणि द्या? त्याने उजव्या हाताची बोटं भोकाशी नेली आणि अदबीने म्हणाला, "मामा, सोडू नका हं आता."

ट्रॅक्टरच्या धडधडीतून मिस्त्रींच्या कानात आलं ते एवढंच. मामा, सोडू.

पुढचं काही आलं नाही. तिसऱ्यांदा 'काय' विचारावं, असं त्यांना वाटलं. मळणीवाला तोंडाकडे बघत होता. मिस्त्रींनी विचारलं नाही. 'सोडतो' असंही म्हटलं नाही. चावी ढिली केली. जॅक फुस्स करून बसला.

ओरडणं ट्रॅक्टरच्या आवाजावरही ऐकू आलं. मिस्त्रींचे हात चावीवरच थिजले. ते चढवायचं की सोडायचं हेसुद्धा त्यांना सुचेना. आतून लेक धावत आली, तिने बापाला खांद्याने ढकलून बाजूला केलं, दांडा धरला आणि "चढवते!" असं ओरडून जॅक मारायला लागली. "चढवते! चढवते!" हिसक्यागणिक ती ओरडत होती. दहा वर्षांची असताना शिकलेलं तिचं तोंड विसरलं नव्हतं. ट्रॉली उचलली गेली. जावयाचा हात बाहेर आला तो बघून मळणीवाल्याने ट्रॅक्टर बंद केला.

चिमट्याच्या पिकअपमधून त्याला दवाखान्यात नेलं. मधली तीन बोटं गेली. अंगठा राहिला आणि करंगळी.

गुंगी उतरल्यावर जावई सासऱ्याला म्हणाला, "मामा, चूक माझी. मी थांब म्हणायला पाहिजे होतं."

"नाही हो, तुम्ही कशाला... तुमची कसली चूक," मिस्त्री म्हणाले. तिथेही त्यांच्या तोंडून 'तुम्ही'च आलं. मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलं नाही, एवढी दोनच वाक्यं सांगायची होती. ती बाहेर आली नाहीत.

लेक खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. "गाडीखाली मान नाही, पान नाही," ती म्हणाली. "मी दहा वर्षांची असताना तुम्हाला 'थांब' म्हणत होते, बाबा. मला आत पाठवलंत. मी असते तर ओरडले असते."

मिस्त्रीणबाई कोपऱ्यात पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. "मीच सांगितलं होतं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

पट्टी सुटल्यावर जावई पुन्हा शेडमध्ये येऊन उभा राहिला. मिस्त्रींनी त्याच्यासाठी सावलीत खुर्ची मांडून ठेवली होती. ती खुर्ची बघून त्याचा चेहरा पडला, हे मिस्त्रींना दिसलं, पण ती उचलायचं धाडस त्यांना झालं नाही. त्याने पाना उचलला की ते म्हणायचे, "राहू द्या, मी करतो." त्याने डबा सरकवला तरी म्हणायचे, "असू द्या, असू द्या." मळणीवाला आला तर आता थट्टा करेना. "बसा दादा, तुम्ही बसा," असं मऊ आवाजात म्हणायला लागला. घरजावई म्हणून टोमणे मारणारा तो वाह्यात माणूस परवडला होता.

आणि जॅकची चावी ढिली झाली, तो फुस्स आवाज झाला, की जावई उठून घरामागे जायचा आणि उजवा हात काखेत दाबून धरून भिंतीकडे बघत उभा राहायचा. ते मात्र मिस्त्रींना दिसत नव्हतं. त्या वेळी ते जॅकवर असायचे.

मिस्त्रींच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. लेक गाडीखाली जाईल. तिला हाताशी घेतलं तर ती वर्षात तयार होईल, तिचं निम्मं शिक्षण झालेलंच आहे. जावई जॅकवर बसेल. जॅकला काय, डावा हात बास झाला. आपण सांगायला बसू. तिघं मिळून शेड चालवू. रोज सकाळी दात घासताना ते हे सगळं मनात नीट जुळवायचे आणि आज बोलू म्हणायचे. चहाच्या वेळी जावई समोर आला की म्हणायचे, "झोप लागली का नीट?"

एका दुपारी मिस्त्री पाणी प्यायला आत गेले होते. परत आले तर जावई एका चाकाशी बसून अंगठा नि करंगळी यांच्या चिमटीत पाना धरून नट सोडवत होता. घामाने निथळला होता. नट अर्धा सुटलाही होता. मिस्त्री जवळ जाऊन उभे राहिले आणि तेवढ्यात पाना निसटला तो नेमका त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरं कुणी असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. जावई खाली बसून वर बघत होता. तो वाट बघत होता.

मिस्त्रींनी वाकून पाना उचलला, फडक्याने पुसला. "तुम्हाला लागलं नाही ना?"

"मामा," जावई म्हणाला, "चिमट्याच्या पाठीत पाना घातलात तुम्ही. मला एकदा गाढव म्हणा ना."

मिस्त्रींचं तोंड उघडलं. शब्द कुठेही गेला नव्हता, तिथेच होता. पण त्या हाताकडे त्यांची नजर गेली आणि तोंड मिटलं.

"चला, चहा घेऊ," ते म्हणाले.

त्यानंतर आठवडाभरात जावयाने तालुक्याच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर काम बघितलं. आलेल्या गाडीचं वजन वाचायचं आणि चिठ्ठी फाडून द्यायची. डाव्या हाताने जमण्यासारखं होतं. राहायला काट्यामागेच एक खोली होती.

निघायचा दिवस उजाडला. चिमट्याने पिकअप आणली. दोन ट्रंका चढल्या, अंथरुणाची वळकटी चढली. लेक पुढे बसली, जावई मागे ट्रंकांपाशी. मिस्त्रीणबाई दाराला धरून उभ्या होत्या.

"थांबा की अजून दोन दिवस," मिस्त्री म्हणाले.

"नको मामा, उद्या हजर व्हायचंय."

"मग निदान जेवून तरी जा."

"झालंय मामा. येऊ पुन्हा."

निघणाऱ्या पाहुण्याला सगळे हेच म्हणतात आणि पाहुणाही हेच म्हणतो. त्या 'थांबा'ने आजवर कुणी थांबलेलं नाही. चिमट्याने गाडी सुरू केली. गाडी काळ्या जमिनीवरून वळली, रस्त्याला लागली. जावयाने डावा हात हलवला. उजवा त्याने मांडीखाली ठेवला होता.

तो उजवा हात दिसेना, तसं मिस्त्रींचं तोंड उघडलं.

"थांब!"

असं ते कितीतरी दिवसांत ओरडले नव्हते. चिमट्याचा पाय विचार करायच्या आधीच ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, ट्रंका पुढे सरकून आदळल्या. मिस्त्री धावत गेले. वहाण एक मागेच राहिली. गाडीचा मागचा फाळका त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"थांब," ते धापा टाकत म्हणाले. "तू जॅकवर बस. ही खाली जाईल. मी शिकवतो दोघांना. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं रे. त्या दिवशी मला ऐकू आलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. तू जाऊ... तू थांब, गाढवा."

जावई हसला की काय, असं क्षणभर वाटलं. मग त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते उजव्या हाताने पुसले. पहिल्यांदाच त्याने तो हात लपवला नाही. पुढच्या खिडकीतून लेक मान वळवून बघत होती.

"त्या जॅकचा आवाज आला की मला तिथे थांबवत नाही, मामा," जावई म्हणाला. "रोज घरामागे जाऊन उभा राहतो मी. नाही होणार. आधी झालं असतं, आता नाही."

मिस्त्रींनी फाळका धरूनच ठेवला. धरल्या धरल्या त्यांची बोटं पांढरी पडली. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर धडधडत जवळ आला आणि पुढे निघून गेला. तो आवाज विरेपर्यंत जावई थांबला. मग पुढे वाकला, सासऱ्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि स्पष्ट, मोठ्याने, चिमट्याने शिकवल्याप्रमाणे एकच शब्द म्हणाला.

"सोड."

मिस्त्रींनी मान हलवली. त्यांना नीट ऐकू आलं होतं.

"सोडतो," ते म्हणाले, आणि मग त्यांनी हात काढला.